आमची वाटचाल: वेबसाइट बनवण्यापासून डोमेन सांभाळण्यापर्यंत
सुरुवातीला आम्ही फक्त वेबसाइट बनवायचो. डोमेन, म्हणजे साइटचा नोंदवलेला पत्ता, ग्राहकाने आधीच घेतलेलं असायचं आणि त्याच्या मुदतीशी आमचा संबंध नसायचा. तरी ‘साइट बंद आहे’ हा फोन आम्हालाच यायचा. सर्व्हर व्यवस्थित चालू असायचा, संपलेली असायची डोमेनची मुदत. म्हणून तेही काम आम्ही अंगावर घेतलं.

डॉट कॉमचं डोमेन नाव मुदत संपताच जात नाही. पुढे 45 दिवसांपर्यंत वाढीव मुदत मिळू शकते. नेमकी किती, ते रजिस्ट्रार, म्हणजे नाव विकणारी कंपनी, ठरवतो. तेवढ्यात नूतनीकरण बहुधा नेहमीच्या दरात होतं, पण साइटच्या जागी जाहिरातींचं पान दिसू लागतं आणि नाव लिलावातही निघू शकतं. त्यानंतर 30 दिवस रिडेम्प्शनचे, म्हणजे नाव सोडवून घेण्याचे. नाव परत मिळतं, पण वेगळं आणि जबर शुल्क भरून. शेवटचे 5 दिवस पेंडिंग डिलीट, म्हणजे नाव खोडलं जाण्याच्या वाटेवर असतं, तेव्हा कोणाच्याच हातात काही नसतं. मग नाव खुलं होतं, आणि चांगलं नाव टपून बसलेले काही सेकंदांत उचलतात.

ग्राहक फसतो तो तारखेला. मुदत संपली की रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ नोंद ठेवणारी संस्था, आपोआप वर्षभर पुढची तारीख दाखवते, पैसे भरलेले नसले तरी. म्हणून आम्ही डोमेनच्या नोंदीत तारीख बघण्याआधी स्थिती (स्टेटस) वाचतो. तिथे ‘ऑटो रिन्यू पिरियड’ दिसलं आणि पावती नसेल, तर त्याच दिवशी पैसे भरायचे.

साइटपेक्षा मेल बंद पडणं जास्त महागात पडतं. मुदत संपल्यावर नेमसर्व्हर, म्हणजे नावावरून साइट आणि मेलचा ठिकाणा सांगणारे सर्व्हर, बदलले की मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी जातात आणि ऑर्डरी पाठवणाऱ्याकडे परत जातात. रजिस्ट्रारने साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर 5 दिवसांत सूचना द्यायची असते. संपर्काचा मेल त्याच डोमेनवरचा असेल, तर ही तिसरी सूचना बंद पेटीत जाते! त्यामुळे डोमेन हातात घेतलं की पहिल्याच दिवशी आम्ही संपर्कात बाहेरचा मेल घालतो आणि नोंदणी मालकाच्याच नावावर आहे ना, ते पाहतो. जुन्या डिझायनरच्या नावावर निघाली, तर मुदत संपायच्या कितीतरी आधी ते निस्तरावं लागतं.

ऑटो रिन्यूवर, म्हणजे कार्डावरून आपोआप होणाऱ्या नूतनीकरणावर, आम्ही विसंबत नाही. कार्डची मुदत संपते, बँक व्यवहार नाकारते, आणि ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी रीतसर मंजुरी लागते. आम्ही 60 दिवस आधी पैसे भरून पावती ग्राहकाला पाठवतो.

उशीर होऊन नूतनीकरण झालंच, तर काहींना 48 तासांपर्यंत जाहिरातींचंच पान दिसू शकतं, कारण डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदी इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे तेवढा वेळ साठवून ठेवलेल्या असू शकतात. अशा वेळी घाबरून सेटिंग बदलू नका. मोबाइल डेटावरून एकदा उघडून बघा.