कापराचा वास येणारा क्यू

बाबा मुंबईत फोर्टातल्या एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे बिलियर्ड्सच्या टेबलापाशी उभं राहून गुण मांडणारा माणूस, पण काम तेवढ्यावर भागत नाही. टेबलावरच्या हिरव्या बनातीला रोज ब्रश मारायचा, तोही लव ज्या दिशेला झुकते त्याच दिशेने. मग इस्त्री फिरवायची. मेंबरांच्या क्यूची, म्हणजे बॉल मारायच्या काठीची, टोकं झिजली की चामड्याची नवी टिप चिकटवून, घासून गोल करायची. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. राहायचे गिरगावात, आमच्या गाववाल्यांच्या खोलीत, एका ट्रंकेपुरत्या जागेवर. १९७९ च्या मे महिन्यात कायमचे वेंगुर्ल्याला परतले, तेव्हा एसटीच्या टपावरून त्यांची वळकटी उतरवली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी एक काठी बाहेर आलेली दिसली. क्लबाने मोडीत काढलेला क्यू.

आज माझ्याकडे असे अकरा क्यू आहेत. बंदर रोडला माझं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, पॉलिश, सरस यांत आयुष्य गेलं, त्यामुळे वस्तू हातात आली की ती कशाची आहे हे आधी बघायची सवय. खेळात मला फारशी गती नाही. पण क्यू कशाकशाचा बनलाय आणि तिथे तेच का वापरलंय, यावर मी तासन् तास बोलू शकतो.

बाबांच्या क्यूचा पुढचा भाग ॲशचा आहे. हे थंड प्रदेशातलं झाड. त्याच्या रेषा इतक्या ठसठशीत असतात की दांड्यावर एकाखाली एक बाणाची टोकं काढल्यासारखी दिसतात. बोट फिरवलं की त्या रेषा जाणवतात. खेळाडू त्या बाणांवरून क्यू दर वेळी एकाच बाजूने हातात धरतो. मूठ मात्र काळीभोर, आबनुसाची. एकदा मला मोडक्या क्यूच्या बुडख्याचा वीतभर तुकडा मिळाला होता. तो मी विहिरीवर बादलीत टाकला, तर सरळ तळाला गेला. आबनूस पाण्याहून जड, ॲश त्यापेक्षा बराच हलका. क्यूचं वजन मागच्या हातापाशी राहावं आणि पुढचं टोक हलकं राहून सरळ जावं, म्हणून हे दोन लाकडांचं लग्न.

ते लग्न लावतात कसं, हे बाबांनी मला ओटीवर बसून दाखवलं होतं. ॲशच्या दांड्याचं मागचं टोक चारी बाजूंनी तासून निमुळतं करायचं, प्रत्येक बाजूवर आबनुसाची पट्टी सरसाने बसवायची आणि मग सगळं मिळून रंध्याने गोल करत आणायचं. गोलाई येत जाते तशी काळी लाकडं पांढऱ्यात चार पाकळ्यांसारखी चढलेली दिसतात. हाताने केलेल्या जोडात त्या पाकळ्यांची टोकं कमानीसारखी गोलसर असतात आणि चारही अगदी एका उंचीची नसतात. यंत्रावर कापलेला जोड असेल तर टोकं सुईसारखी, कडा सरळ, चारी सारखी. जुना क्यू हातात आला की मी पहिल्यांदा तिथे बघतो. नाव, किंमत, विकणाऱ्याची गोष्ट, सगळं नंतर.

आता मुख्य गोष्ट. विलायती क्यूच्या बुडाशी एका बाजूला थोडा सपाट भाग केलेला असतो आणि त्यावर बनवणाऱ्याच्या नावाचा बिल्ला बसवतात. बाबांच्या क्यूवरचा बिल्ला सायीच्या रंगाचा आहे, अक्षरं झिजून गेलीत, आणि त्यात बारीक बारीक रेषा आहेत. बाबा म्हणायचे, "हस्तिदंत आसा तो. सांभाळून." मी वीस वर्षं तेच धरून चाललो. धरून चाललो म्हणजे मनात एक काटा घेऊन. कारण आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, नंतर १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्या झाल्या आणि हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद झाला. ते योग्यच झालं. एका बिल्ल्यासाठी, क्यूच्या टोकावरच्या एका कडीसाठी हत्ती मारायचा, हे मला कोणत्याही कारागिरीच्या नावाने पटत नाही. मुंबईच्या चोरबाजारात एकाने मला हस्तिदंती कडीचा क्यू दाखवला होता, फार देखणा. मी त्याला हातसुद्धा लावला नाही. पण घरात बाबांचा तो बिल्ला होताच.

मग एकदा वाचताना कळलं की हस्तिदंताच्या आडव्या कापावर रेषा एकमेकींना छेदत जातात, चटईच्या विणीसारख्या. नुसत्या समांतर, वहीच्या पानासारख्या रेषा असतील तर शंका घ्यावी. भिंग घेऊन बसलो. समांतर! हाडाचा असता तर बारीक काळे ठिपके दिसले असते, तेही नव्हते. गणपतीचे दिवस होते. मी फडकं गरम पाण्यात पिळून बिल्ल्यावर अर्धा मिनिट दाबून धरलं आणि नाकाशी नेलं. कापूर. स्वच्छ, ओळखीचा, देवघरातला कापूर. आरती होऊन दोन तास झाले होते, तरी मी खात्रीसाठी क्यू घेऊन मागच्या पडवीत गेलो आणि पुन्हा करून बघितलं. मंडळी दारात येऊन म्हणाली, "अहो, कापूर इथे कोणी लावला?"

तो बिल्ला सेल्युलॉइडचा, म्हणजे कापूर घालून केलेल्या जुन्या प्लॅस्टिकचा होता. आणि हे सेल्युलॉइड आलं कुठून, तर बिलियर्ड्सच्याच टेबलावरून. पूर्वी बॉल हस्तिदंताचे असत. हत्ती कमी होऊ लागले, दात महाग झाले, तेव्हा न्यूयॉर्कच्या फेलन आणि कॉलेंडर या टेबलं बनवणाऱ्यांनी १८६३ मध्ये हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. ऑल्बनीचा एक छापखान्यातला कारागीर, जॉन वेस्ली हायट, त्या नादाला लागला. नायट्रोसेल्युलोज (आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस) आणि कापूर उष्णतेने आणि दाबाने एकजीव केले की हवा तसा आकार घेणारा पदार्थ मिळतो, हे त्याला साधलं. बॉल म्हणून तो तितकासा चालला नाही, पण कंगवे, दातांच्या कवळ्या, फिल्मच्या पट्ट्या आणि क्यूवरचे बिल्ले त्यातून निघाले. हस्तिदंतासारखं दिसावं म्हणून त्यात मुद्दाम रेषा घालत. म्हणजे बाबांच्या क्यूवर जे होतं ते हत्तीच्या दाताला पर्याय शोधताना सापडलेलं होतं. हे कळलं त्या रात्री मला फार बरं वाटलं. बाबा तेव्हा नव्हते, नाहीतर उठवून सांगितलं असतं.

कोणी जुना क्यू तपासणार असेल तर कळकळीने सांगतो, तापलेली सुई लावून बघू नका. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. गरम फडकं पुरेसं आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. एक शिसवी मुठीचा आहे, जांभळट छटेचा. शिसव आपल्या सह्याद्रीतही होतो, त्यामुळे तो हातात धरला की परका वाटत नाही. एक पूर्ण ॲल्युमिनिअमचा आहे, हाताला गार लागतो आणि चेंडूवर बसताना आवाज पोकळ येतो. मला तो आवडत नाही, पण असाही प्रयोग झाला होता म्हणून ठेवलाय. आणि एक अमेरिकन पूलचा, म्हणजे बिलियर्ड्सच्याच जातीच्या खेळाचा, शेजारचा मुलगा बोटीवर असतो त्याने आणून दिलेला. दांडा मेपलचा, गुळगुळीत, ॲशसारख्या रेषा नाहीत. जोडाच्या टोकांना रंगीत लाकडाच्या कागदाएवढ्या पातळ पट्ट्या, आणि मुठीवर आयरिश लिननचा दोरा, सुताला सूत भिडवून गुंडाळलेला. घाम त्यात मुरतो, हात घसरत नाही. जॉर्ज बालाबुश्का नावाचा अमेरिकेतला नावाजलेला कारागीर ब्रन्सविक कंपनीच्या तयार जोडलेल्या दांड्यांवर काम करायचा आणि असाच लिनन गुंडाळायचा. तो १९७५ मध्ये गेला. त्याच्या हातचा क्यू मी फक्त फोटोत बघितलाय, तरी त्या दोऱ्याच्या विणीवरून नजर हलत नाही.

हे सगळं समुद्राच्या काठावर सांभाळायचं म्हणजे रोजचं भांडण. जूनमध्ये पाऊस लागला की लाकूड फुगतं, चारेक महिने हवा ओली. भिंतीला टेकवून ठेवलेला क्यू एका पावसाळ्यात बाक धरतो. मी ते आडवे ठेवतो, मधल्या खोलीत, फणसाच्या फळीवर, बाहेरच्या भिंतीपासून लांब. दर पंधरवड्याला स्वयंपाकघरातल्या कडप्प्यावर एकेक लोळवून बघतो. सरळ असेल तर गुळगुळीत गडगडतो, बाक असेल तर मध्ये उडी मारतो. खाऱ्या हवेने पितळेच्या कड्यांवर हिरवं जंगाल चढतं, ॲल्युमिनिअमवर पांढरी पूड धरते. लाकडाला वर्षातून दोनदा जवसाचं तेल, अगदी थेंबभर, आणि तळव्याने गरम होईपर्यंत चोळणं. सेल्युलॉइड दमट उष्म्यात कुजायला लागलं की त्यातून आम्ल सुटतं आणि शेजारच्या धातूला खातं. म्हणून बाबांचा क्यू मी पेटीत बंद करत नाही. तो वेगळा, मोकळ्या हवेत.

सध्या एका क्यूची दुरुस्ती चालू आहे. त्याच्या टोकाची कडी, जिला फेरूल म्हणतात, फुटली होती. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. आयुष्यभर चरकावर लाखेची खेळणी केलेला हात. त्यांना म्हशीच्या शिंगाचा तुकडा दिला आणि मोडकी कडी माप म्हणून. त्यांनी क्यू डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटला, जोडाच्या पाकळ्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्या कोणी केल्यान?" विलायतेतला कोणीतरी, म्हटलं. "हात बरो होतो," एवढंच म्हणाले. कडी त्यांनी पाऊण तासात उतरवली, काळी, मध्ये मधाच्या रंगाची एक शीर असलेली. पैसे घेताना बजावलं, "उन्हात ठेव नको, शिंग वाकडा जातला."

कडी दुकानात काऊंटरच्या खणात, कागदात गुंडाळून ठेवली आहे. दसरा झाला, हवा कोरडी झाली की बसवणार. बाबांची टिप घासायची कानस अजून आहे, तीच वापरेन.