नदीपलीकडचा ड्रॅक्युला

लंडनबद्दल काही लिहीत नाही. सगळे जे पाहतात तेच आम्ही पाहिलं, गर्दीसकट. लिहायचंय ते विंडसरजवळच्या थेम्सकाठाबद्दल.

ईटनकडून बोव्हनीमार्गे ब्रेच्या दिशेने नदीकाठाने पायवाट जाते. दाजींना विंडसरचा राजवाडा आतून बघायचा होता, त्यामुळे ते मागून कुरकुरत येत होते. चहाही कुठे मिळाला नव्हता. तेवढ्यात पलीकडच्या काठावर ओकली कोर्ट दिसलं. उतरती टोकदार छपरं, बुरूज, 1859 सालचं बांधकाम. आता तिथे हॉटेल आहे. हिरवळीवर कुणाचं तरी लग्न चाललं होतं आणि फोटोग्राफर नवरीला उन्हात पुन्हापुन्हा वळायला लावत होता.

"ही तुझी भुताची हवेली?" दाजी.

हीच! शेजारच्या डाउन प्लेस बंगल्यात 1951 मध्ये भयपटांसाठी गाजलेल्या हॅमर फिल्म्स या ब्रिटिश कंपनीने बस्तान बसवलं, तोच ब्रे स्टुडिओ. कंपनी 1934 ची. संस्थापक विल्यम हाइंड्स रंगमंचावर 'विल हॅमर' म्हणून उतरत, तेच नाव कंपनीला मिळालं. 1957 मध्ये फ्रँकेन्स्टाइन, 1958 मध्ये ड्रॅक्युला. पीटर कुशिंग, ख्रिस्तोफर ली हे नट आणि रंगीत पडद्यावरचं लालभडक रक्त.

मला भुतांपेक्षा त्यांची काटकसर आवडते. जुन्या साडीचे पडदे आणि पडद्यांच्या उशा करणाऱ्या घरासारखा कारभार. त्यांचा सेट उभारणारा कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन तोच सेट फिरवून-रंगवून पुन्हा उभा करायचा. ड्रॅक्युलाचा किल्ला लगेच पुढच्या सिनेमात रास्पुतिनचा रशिया झाला. ड्रॅक्युलाच्या मुलखाचं, ट्रान्सिल्व्हेनियाचं जंगल म्हणजे स्लाउजवळचं ब्लॅक पार्क, जिथे आज लोक कुत्री फिरवतात. एवढ्यावर 1968 मध्ये निर्यातीसाठी राणीच्या नावाचा पुरस्कारही मिळवला पठ्ठ्यांनी.

माझी तक्रार एकच. 1959 चा 'द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे'. ठगांची गोष्ट, नावात मुंबई, आणि चित्रीकरण याच ब्रेमध्ये. कालीचा पुजारी झालेला जॉर्ज पास्टेल मूळचा सायप्रसचा! ट्रान्सिल्व्हेनिया खोटा असला तर मला काय कळणार? पण मुंबईच्या बाबतीत हे खपवून घ्यायचं?

दाजी म्हणाले, "आपले लोक स्वित्झर्लंडला काश्मीर म्हणून दाखवतात, तेव्हा तुला चालतं."

ते वेगळं, असं म्हणून मी चहाचा विषय काढला.