मांडीची सोनोग्राफी: माझा थायरॉईडचा अनुभव

सोनोग्राफी म्हटलं की आमच्या खानापूर भागात दोनच कारणं सुचतात, बाळंतपण नाहीतर मुतखडा. म्हणून बेळगावच्या डॉक्टरांनी मांडीची सोनोग्राफी लिहून दिली तेव्हा जाऊबाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचायला लावली.

त्याआधीचे महिने फार वाईट गेले. जेवण वाढलेलं, वजन मात्र उतरत चाललेलं. छातीत धडधड, हातांना कंप. पण खरा जाच पायांचा. उकिडवी बसले की जमिनीला हात टेकल्याशिवाय उठता येत नसे. २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, पण मला बसची पहिली पायरीच चढवेना. वेणी घालताना हात वर धरवत नसत. गावाजवळच्या एका दवाखान्यात मात्र ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन लावत राहिले. रक्त कुणी तपासलंच नाही, याचा मला आजही राग येतो.

बेळगावात रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन) जवळजवळ शून्य निघालं, टी३ आणि टी४ ही थायरॉईडची हार्मोन्स बरेच वाढलेली. पुढच्या तपासण्यांत ग्रेव्हज ठरलं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडला जास्त हार्मोन बनवायला लावते तो आजार. थायरॉईडचं हार्मोन जास्त झालं की स्नायूंतलं प्रथिन भराभर झिजतं, आणि कमरेजवळचे, खांद्याजवळचे स्नायू आधी खचतात, असं डॉक्टरांनी समजावलं. सीके ही स्नायूंची रक्ततपासणी नॉर्मल आली. या आजारात ती बहुधा नॉर्मलच येते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून चालत नाही.

मग हात छातीशी बांधून खुर्चीवरून लागोपाठ पाच वेळा उठायला सांगितलं. उतारवयातल्या आशियाई लोकांचे स्नायू झिजलेत का ते ठरवायच्या २०१९ च्या निकषांत याला १२ सेकंदांची मर्यादा आहे. मी तिसऱ्या वेळीच अडकले.

सोनोग्राफीला उपाशीपोटी जायचं नव्हतं, लघवी धरून ठेवायची नव्हती. उताणं झोपवून डॉक्टरांनी कमरेच्या हाडापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत टेप लावला आणि पेनाने खूण केली. त्यावर भरपूर थंडगार जेल. “मावशी, पाय एकदम सैल सोडा,” त्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, त्यांनी नुसता टेकवला होता. दाबला तर स्नायू चपटा होतो आणि जाडी कमी भरते. पडद्यावर खाली मांडीच्या हाडाची पांढरी कड, त्यावर स्नायूंचे दोन थर, वर चरबी. निरोगी स्नायू काळसर दिसतो, मधे बारीक पांढऱ्या रेघा. त्यात चरबी किंवा तंतू वाढले की तो पांढुरका होत जातो. माझ्या स्नायूचा रंग फारसा बिघडला नव्हता, जाडी मात्र कमी होती. म्हणजे भरून यायला वाव आहे, हे ऐकून मला रडू आलं.

एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली: या तपासणीने आजाराचं नाव ठरत नाही, ते रक्तावरून ठरतं. स्नायू किती उतरला आणि औषधाने किती सुधारतोय, ते इथे दिसतं. बाहेर बाकावरच्या एका बाईंचा चेहरा सुजून गोल झाला होता. सांधेदुखीच्या कसल्याशा पुडीत स्टेरॉईड निघालं होतं, त्यांच्याही मांड्या तशाच खचलेल्या. अशी पुडी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, पण मनाने एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉईड, तोवर आटलेलं असतं, जिवावर बेतू शकतं.

मला थायरॉईडचं हार्मोन कमी करणारी कार्बिमॅझोलची गोळी सुरू झाली. ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या, अशी सक्त ताकीद होती. टी४ आधी ताळ्यावर आलं. पायांना त्यानंतरही बरेच महिने लागले. दुसरी सोनोग्राफी मुद्दाम त्याच मशीनवर, तेवढंच अंतर मोजून केली, कारण मशीन किंवा सेटिंग बदललं तर पांढुरकेपणाची तुलना होत नाही. जाडी वाढली होती. आता बसच्या पायऱ्या चढते. उकिडवं बसून उठणं अजून जड जातं, म्हणून फिजिओथेरपीचे व्यायाम चालू ठेवलेत. पहिल्या तपासणीचे फोटो फाईलमध्ये जपून ठेवलेत, पुढच्या वेळी डॉक्टर तेच आधी मागतील.