नान्नजचा माळ आणि मोज्यातली कुसळं

सोलापुरातून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज. डिसेंबरात पहाटे निघालो, तेव्हा मेव्हण्यानं विचारलं, "तिथं जंगल तर दिसत नाही, मग बघायचं काय?" झाडं नाहीत म्हणूनच तर चाललो होतो.

माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली इथलं हे अभयारण्य झालं. नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, मादी बहुधा एकच अंडं घालणारी, तेही उघड्या जमिनीवर. त्यात या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळं विजेच्या तारांना धडकतो. आता इथं तो दिसणं म्हणजे नशीब. आमचं नव्हतं.

काळविटं मात्र भरपूर. एक काळाभोर नर रस्त्याच्या कडेलाच उभा, शिंगांना पीळ, पोट पांढरंफेक. गाडीचं दार वाजलं आणि माद्यांनी टणाटण उड्या घेतल्या. गवतावरून एक भोवत्या, म्हणजे हॅरियर हा शिकारी पक्षी, अगदी खालून, तरंगत गेला. हे पाहुणे हिवाळ्यापुरतेच येतात.

उतरून चालायला लागलो, तर दहा पावलांत मोजे कुसळांनी भरले. एक उपटून थुंकीनं ओलं केलं आणि तळहातावर ठेवलं. सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखं, ते फिरायला लागलं! ओल लागली की पीळ सुटतो आणि बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. मेव्हणा माळढोक विसरून तेच बघत बसला.

एक कबुली देतो. शाळेत असताना आम्ही अशाच एका माळावर ग्लिरिसिडियाची रोपं लावली होती. 'उजाड माळ हिरवा केला' म्हणून शाबासकीही मिळाली. माळढोकाला, काळविटाला लांबवरचं दिसणारं मोकळं रान लागतं, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. सातबाऱ्यावर 'पडीक' लिहिलं की माळाचं कुणाला काही वाटत नाही.

परतताना मेंढरं घेऊन एक मामा भेटले.

"काय बघलालाव?"

"लांडगा दिसतो का मामा?"

"परवाच कोकरू नेलं की त्यानं."

"मग राग नाही येत?"

"येतोय की. पण त्योबी हितलाच हाय."

एवढं म्हणून त्यांनी मेंढरं हाकली. आम्ही बांधावर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. मेव्हणा एका हातानं खात होता, दुसऱ्या हातानं मोज्यातली कुसळं उपटून मातीत टाकत होता.