तुम्ही विचारलंत म्हणून: गिअरबॉक्स घरीच का उघडला?

‘अरे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोणी घरी उघडतं का? खोलून दुरुस्त केलेला आयता रिबिल्ट मिळतो ना!’ मिशिगनमध्ये आमच्याकडे जेवायला आलेले पाहुणे हे विचारतात, पुण्याहून फोनवर काका विचारतात आणि ज्यांची सगळी नोकरी मोटारींच्या कंपन्यांत गेली ते शेजारी तर हमखास विचारतात. एरवी मी ‘हौस!’ म्हणून वेळ मारून नेतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगतो.

गाडी १९७२ची शेव्हरोले नोव्हा. पुढे व्ही-एट इंजिन, त्यामागे टर्बो-हायड्रामॅटिक ३५० नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शेव्हरोले आणि ब्यूइक यांनी मिळून तयार केलेला हा तीन गिअरचा खोका १९६९च्या मॉडेलांपासून गाड्यांत आला आणि अमेरिकेत एवढा खपला की त्याची सिलं, गॅस्केटं, क्लच प्लेटा आजही एका पुठ्ठ्याच्या डब्यात घरपोच येतात. भाग मिळत नसते तर मीही नादाला लागलो नसतो. आयता रिबिल्ट मिळतो हे खरं, पण त्याच्या पोटात कोणी काय घातलंय, कुठली जुनी प्लेट पुसून परत बसवलीय, ते उघडल्याशिवाय कळत नाही. उघडायचाच असेल, तर आपलाच काय वाईट?

हे झालं व्यवहाराचं. खरं कारण वेगळं आहे. या खोक्यात विजेची एकही वायर जात नाही. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. तरी सपाट रस्त्यावर दुसरा गिअर लवकर टाकायचा आणि चढावर उशिरा टाकायचा, हे त्याला बिनचूक कळतं. ते कसं कळतं हे मला बघायचं होतं.

मागच्या शाफ्टवरून फिरणारा एक गव्हर्नर असतो. वेग वाढला की त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि त्याच्याकडून येणारा तेलाचा दाब वाढतो. दुसऱ्या बाजूला मॉड्युलेटर, तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा आत ओढण्याच्या जोरावर, चालतो. ॲक्सिलरेटर जितका जास्त दाबाल तितका व्हॅक्यूम कमी आणि मॉड्युलेटरच्या बाजूचा दाब जास्त. या दोन दाबांच्या मधे शिफ्ट व्हॉल्व्ह नावाची लहानशी दांडी स्प्रिंगच्या आधाराने उभी असते. वेगाची बाजू वरचढ झाली की दांडी सरकते, तेलाला नवी वाट मिळते, ते क्लचमागच्या पिस्टनला रेटतं, पिस्टन क्लच प्लेटा एकमेकींवर दाबतो आणि गाडी पुढच्या गिअरमध्ये जाते. झालं! अख्खा निर्णय तेलाने घेतलेला असतो. व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे हे व्हॉल्व्ह ज्यात बसतात तो धातूचा ठोकळा, टेबलावर ठेवून ती दांडी बोटाने सरकवून पाहिली, तेव्हा मी बराच वेळ दुसरं काही केलं नाही.

आता ‘घरी जमतं का?’ या अर्ध्या प्रश्नाकडे. लोक घाबरतात ते दात्यांना. वास्तविक दाते सहसा दगा देत नाहीत. आत दोन ग्रहमालिका, म्हणजे मधल्या सूर्यचक्राभोवती लहान दातेरी चक्रं फिरतात असे दोन संच, आणि दोघींत सूर्यचक्र एकच. हॉवर्ड सिम्प्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना. दाते कायम एकमेकांत अडकलेले असतात. काय धरून ठेवायचं आणि काय फिरवायचं एवढंच बदलतं आणि त्यातून पहिल्याला २.५२, दुसऱ्याला १.५२ आणि तिसऱ्याला सरळ एकास एक असं गुणोत्तर मिळतं. माझ्या खोक्यातले दाते पन्नास वर्षांनंतरही चकचकीत होते. मरतं ते रबर आणि क्लच प्लेटांवरचा कागदासारखा थर. पिस्टनचं सील नवं असताना नखाने दबतं. माझी जुनी सिलं वाकवली तर पापडासारखी मोडत होती. असं सील थंडीत तेलाचा दाब धरत नाही. म्हणून सकाळी ‘डी’मध्ये टाकलं की गाडी ढिम्म हलत नाही आणि तेल गरम झालं की चालायला लागते. त्यावर ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल देऊन मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. गेलेलं असतं रबर.

ताकदीचं काम फक्त उतरवताना आणि चढवताना. खोका साधारण पंचावन्न किलोचा, त्यामुळे ट्रान्समिशन जॅक हवाच. गाडीखाली झोपून छातीवर पेलायची मर्दुमकी करू नका. बाकी सगळी स्वच्छता आणि शिस्त. व्हॉल्व्ह बॉडीत व्हॉल्व्ह आणि भोक यांच्यामधली फट इतकी कमी की चिंधीतून सुटलेला एक धागाही व्हॉल्व्ह अडकवू शकतो. म्हणून गॅरेजमध्ये झाडू मारायचा तो आदल्या दिवशी. काम चालू असताना धूळ उडवायची नाही. पाव इंची पोलादी गोळ्या आणि वॉशर जागेवर धरून ठेवायला साधं व्हॅसलीन लावतात, कारण ते तेलात विरघळून जातं. ग्रीस गोळा होऊन बारीक छिद्रं बुजवतं. नव्या प्लेटा कोरड्या बसवायच्या नाहीत, आधी निदान अर्धा तास तेलात मुरवायच्या.

सगळ्यात हळुवार काम म्हणजे पिस्टन क्लचच्या ड्रममध्ये, म्हणजे गोल डब्यात, बसवणं. सिलाचा पातळ ओठ ड्रमच्या कडेला अडतो. फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) बोथट केलेलं पातं त्या ओठाखाली सारून पिस्टन थोडाथोडा फिरवत, ओठ आत ढकलत गोल पूर्ण करायचा. दाबून बसवला तर ओठ दुमडतो आणि कळतं ते गाडी रस्त्यावर आल्यावर. म्हणून खोका बंद करण्याआधी क्लचच्या तेलमार्गात बेताच्या दाबाची हवा सोडून बघायची. ‘ठप्’ असा भरीव आवाज आला तर पिस्टन हलला. नुसती फुसफुस आली तर पुन्हा खोला.

जाता जाता, या तेलाचीही एक गोष्ट आहे. १९६०च्या दशकातल्या ऑटोमॅटिकच्या तेलात स्पर्म व्हेलच्या तेलाचा अंश असायचा, क्लचची पकड हवी तशी गुळगुळीत राहावी म्हणून. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने व्हेलच्या तेलावर बंदी घातली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधत बसावं लागलं. हे ऐकवलं की पाहुण्यांचा गिअरबॉक्समधला रस एकदम वाढतो.

घरी न होणारी गोष्टही सांगतो. इंजिनची ताकद तेलाच्या मार्फत गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर वेल्डिंगने बंद केलेला असतो, तो फक्त त्या कामाच्या दुकानातच कापून, दुरुस्त करून परत जोडतात. मी सरळ दुकानातून रिबिल्ट आणला. बसवताना मात्र तो फिरवत फिरवत खाली उतरू द्यायचा, टप्प्याटप्प्याने खटके ऐकू येतात. पुरता न बसवता बोल्टने आवळला तर गिअरबॉक्सचा तेलाचा पंप फुटतो आणि केलेलं सगळं मातीमोल.

याच्या पुढचा प्रश्न ठरलेला: ‘एवढं केलंस, तर ओव्हरड्राइव्हवाला, म्हणजे हायवेसाठी जादा गिअर असलेला, नवा का नाही टाकलास?’ हायवेवर इंजिन कमी ओरडेल, पेट्रोल वाचेल, मान्य. पण वर्षातून काही रविवार फिरणाऱ्या गाडीचं पेट्रोल वाचवून करायचंय काय? शिवाय मग ती १९७२ची नोव्हा राहत नाही, नोव्हाच्या कपड्यातली दुसरी गाडी होते. ज्यांना चालतं त्यांनी जरूर करावं.

आणि तुम्ही करावं का? रोज कामावर जायची तीच गाडी असेल तर नको, खोका टेबलावर महिनोन्‌महिने पडू शकतो. दुसरी गाडी असेल, तरी आधी एक बघून घ्या. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, गिअरबॉक्सचं तेल कमी होतंय आणि जमिनीवर थेंबही नाही, असं असेल तर मॉड्युलेटरची रबरी नळी काढा. नळीत लाल तेल दिसलं तर आतला पडदा फाटलाय आणि इंजिन ते तेल पितंय. मॉड्युलेटर बाहेरूनच एका बोल्टवर निघतो. तो बदला, तेल भरा आणि खोका गाडीखालीच राहू द्या.