काठाकाठानं चालताना: यादी आता किलोमीटरवर नाही, पुलांवर

आतापर्यंत कालव्याकाठानं आणि नदीकाठानं चालायचे माझे सगळे सोपे मार्ग अंतरानुसार लावलेले होते. चार किलोमीटरच्या आतले, आठच्या आतले आणि त्यापुढचे. या मोसमात ती यादी मोडून पुलांच्या हिशोबानं पुन्हा लावली. कालव्याकाठी चढ जवळजवळ नसतो, त्यामुळे आठ किलोमीटर हे काही ओझं नाही. ओझं होतं ते तिसऱ्या किलोमीटरला कुणाचा तरी पाय दुखू लागतो आणि पुढचा पूल अजून तेवढाच लांब असतो तेव्हा. पूल म्हणजे बाहेर पडायची जागा, आणि पलीकडच्या काठानं परतायची सोयसुद्धा. आता दोन पुलांमध्ये दोन किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर तो मार्ग मी ‘सोपा’ या सदरात ठेवत नाही, मग तो कितीही सपाट असो.

नव्या मोजणीत काही मार्ग अनपेक्षितपणे वर आले. एक कंटाळवाणा म्हणून मागे टाकलेला वितरिकेचा (मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या छोट्या कालव्याचा) काठ आता यादीत पहिला आहे, कारण तिथे शेतात जाणारे छोटे पूल जागोजागी आहेत. अर्धा तास चालून परतणाऱ्यालाही तो चालतो आणि दोन तास चालणाऱ्यालाही. उलट मुख्य कालव्याचा रुंद, सावलीचा आणि सगळ्यांचा आवडता पट्टा खाली गेला. तिथे एकदा शिरलं की शेवटापर्यंत जाणं किंवा आल्या वाटेनं परतणं, एवढेच पर्याय उरतात.

पूल मोजताना नकाशावर फार विसंबू नका. उपग्रहाच्या चित्रात पाण्यावर आडवी दिसणारी प्रत्येक रेघ पूल नसते. पाण्याचा मोठा पाइप वरून अगदी पुलासारखाच दिसतो. कालव्याचं पाणी अडवणाऱ्या दारांवरचा लोखंडी मचाण कर्मचाऱ्यांसाठी असतो आणि त्याला बहुधा कुलूप असतं. रेल्वेचा पूल तर यादीत धरायचाच नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या मोफत नकाशावर एक सोय मात्र छान आहे: पाण्याची रेघ प्रवाहाच्या दिशेनंच काढायची असा तिथला नियम आहे, त्यामुळे बाणावरून पाणी कुठे चाललंय ते कळतं. मग डावा-उजवा काठ सांगताना गोंधळ होत नाही. प्रवाहाच्या दिशेनं तोंड केल्यावर डाव्या हाताला येतो तो डावा काठ. हे एकदा ठरवून घेतलं की सोबत्याला फोनवर वाट समजावणं सोपं जातं.

चालायला किती वेळ लागेल याचा अंदाज कसा बांधायचा, असं मागे काहींनी विचारलं होतं. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये एक ठोकताळा दिला: तीन मैलांना एक तास, आणि वर प्रत्येक 2000 फूट चढाईला आणखी एक तास. आपल्या मापात साधारण ताशी पाच किलोमीटर आणि 600 मीटर चढाईला एक तास. कालव्यावर त्याचा दुसरा भाग गळूनच पडतो. तरी मी ताशी चारच धरतो, कारण पाण्याकडे बघत थांबणं हा या छंदाचा अर्धा भाग आहे, आणि तो वेळ कुठल्याच ठोकताळ्यात बसत नाही.

कालवा इतका सपाट का, हे समजलं की मार्ग आखताना फार उपयोग होतो. सिंचनाचा मुख्य कालवा डोंगराच्या कुशीतून समान उंचीच्या रेषेला जवळजवळ चिकटून जातो. हजारो मीटर गेल्यावर तळ कुठे एखादा मीटर खाली येतो. त्यामुळे वाटेत नाल्याची घळ आली की कालवा सरळ न जाता घळीत आत वळतो आणि पुन्हा बाहेर येतो. रस्त्यानं दोन किलोमीटर असलेलं गाव कालव्यानं पाच किलोमीटर होतं ते यामुळे. अशा कालव्याला एका बाजूला डोंगर आणि उताराच्या बाजूला मातीचा भराव असतो. गाडीवाट या भरावावरून जाते, म्हणून खालच्या अंगाचं सगळं शिवार नजरेत राहतं. माझ्या मते चालायला याहून चांगली जागा नाही.

जिथे जमीन कालव्याच्या उतारापेक्षा जास्त घसरते तिथे प्रपात बांधून पाणी एकदम खाली सोडतात. प्रपाताच्या वर पाणी संथ, खाली खळाळतं. हा हिशोब थोडा चुकला तरी तळ खरवडला जातो. 1854 मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्यात तसंच झालं. तो बांधणारे इंग्रज अभियंते प्रोबी कॉटली यांनी दिलेला उतार जरा जास्त ठरला, प्रपातांच्या खाली तळ उखडू लागला आणि पुढे दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्याच कालव्यावर रुडकीजवळ सोलानी नदी ओलांडणारा जलसेतू आहे. कालवा वर, नदी खाली. जलसेतू दिसायला देखणा, पण चालणाऱ्याच्या दृष्टीनं वाट तुटण्याची ही नेहमीची जागा. लहान जलसेतूंवर बाजूला धड वाट नसते, नुसती अरुंद भिंत असते. त्या भिंतीवरून जायचं नाही. नाल्यात उतरून पलीकडे चढायला जमत असेल तर ठीक, नाहीतर तिथूनच मागे फिरायचं. माझ्या यादीत असा जलसेतू म्हणजे मार्गाचा शेवट.

नौकानयनाच्या कालव्यांचा स्वभाव वेगळा. तिथे पूर्वी काठावरून घोडे दोरानं नाव ओढत, त्या घोड्यांसाठी केलेली वाट, म्हणजे ओढवाट, आज चालणाऱ्यांच्या वाट्याला आली आहे. उंचीतला फरक प्रपाताऐवजी जलपाशांनी, म्हणजे दोन दारांमध्ये पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली करणाऱ्या हौदांनी, भागवलेला असतो. इंग्लंडमधल्या डिव्हायझेसला एकामागोमाग 29 जलपाश आहेत. त्यातले 16 तर सलग उतारावर रांगेनं लागतात. तरी एकूण चढ सुमारे 72 मीटर, आणि तोही तीन किलोमीटरवर पसरलेला! इंग्लंडमधल्याच मॅकल्सफील्ड कालव्यावरचे वळणदार पूल मला सगळ्यात आवडतात. ओढवाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते तिथे पुलाचा उतार असा गोल फिरवलाय की दोर न सोडता घोडा पलीकडे जावा. चालणाऱ्यासाठी कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण काठ बदलण्याची एवढी सुबक सोय मी दुसरीकडे पाहिली नाही.

आणि ज्यांना लांबच लांब पण सोपं हवंय त्यांच्यासाठी अमेरिकेतली चेसापीक-ओहायो कालव्याची ओढवाट: 297 किलोमीटर, 74 जलपाश आणि एकूण चढ 200 मीटरच्या आत. या कालव्याच्या जागी मोटाररस्ता करायचा बेत होता. 1954 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी बेताला पाठिंबा देणाऱ्या संपादकांना आव्हान दिलं की माझ्याबरोबर ही वाट चालून बघा. ते चालले, वातावरण फिरलं आणि 1971 मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. चालण्यानं एवढा निकाल लागलेला क्वचितच दिसतो.

नदीकडे वळतो. नदीकाठचे मार्ग यादीत अजून कमी आहेत, आणि ते राहणारच. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी आपटतं, तिथे दरड कोसळत असते. आतल्या बाजूला वाळू आणि गाळ साचतो. नकाशावर पायवाट बाहेरच्या काठानं अगदी धारेवरून दाखवली असेल तर ती आज तिथे असेलच असं नाही. ओढा जिथे नदीला मिळतो तिथे वाट हमखास तुटते. झुडपांत अडकलेल्या काडीकचऱ्याची रेघ बघायची सवय लावा, पूर कुठवर आला होता ते तीच सांगते. वर धरण असेल तर उन्हातही पाणी वाढू शकतं, म्हणून पात्रातल्या खडकावर डबा उघडून बसायचं नाही.

काँक्रीटचं अस्तर असलेला कालवा नदीपेक्षाही जपून. शेवाळलेल्या तिरक्या बाजूवरून आत गेलेला माणूस सहजी वर येत नाही. लहान मुलं सोबत असतील तर मी असे पट्टे सरळ टाळतो. पाण्याचा वेग बघायचा असेल तर वर एक पान टाकून दहा मीटरला किती सेकंद लागतात ते मोजा. सरासरी वेग पृष्ठभागाच्या साधारण 0.85 पट धरतात. दहा सेकंदांच्या आसपास आलं तर ते पाणी माणसाच्या चालीच्या जवळ पोचलेलं असतं.

सध्या पुलांच्या नोंदीत सावलीचा रकाना वाढवतोय. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या कालव्यावर सकाळी पूर्वेच्या काठानं जायचं, झाडं वाटेच्या बाहेरच्या अंगाला असतील तर सावली अंगावर येते. दुपार कलल्यावर पुलावरून ओलांडून पश्चिमेच्या काठानं यायचं. पूर्व-पश्चिम कालव्यांचं गणित ऋतूनुसार बदलतं, ते अजून बसलेलं नाही. नदीचा दोन पुलांमधला एक तुकडाही बाकी आहे. मधे ओढा आडवा येतो. पाणी उतरलं की उजव्या काठानं जाऊन बघेन, आणि ओढा ओलांडता आला तरच तो यादीत चढेल.