विहिरीतली तांबडी रेघ

बाटलीबंद पाण्याची कंपनी गावात येणार म्हटल्यावर पहिली बैठक पारावर नाही, मंगल कार्यालयात झाली. खुर्च्यांना पांढरी कव्हरं, प्रत्येकाच्या हातात पाव लिटरची बाटली. आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलत सासरे, ती बाटली बराच वेळ उलटीपालटी करून बघत होते. शेवटी शेजारच्याला म्हणाले, "पानी आमनं, बाटली त्यासनी." मागच्या रांगा हसल्या. कंपनीच्या साहेबांना अहिराणी येत नव्हती. आपलं स्वागतच चाललंय असं समजून तेही हसले.

मग पडद्यावर चित्रं सुरू झाली. जेवढं पाणी उपसू त्याच्या दुप्पट जमिनीत मुरवू. पाचशे झाडं लावू. शाळेत आरओ, चौकात पाण्याचं एटीएम, पाच रुपयांत वीस लिटर. गावातल्या पोरांना कामं. टाळ्या पडल्या. मी सगळं वहीत उतरवून घेतलं, कारण दहा वर्षं बचत गटाची सचिव होते, हाताला सवय आहे. घरी येऊन वही उघडली तर एकाही ओळीपुढे तारीख नाही, जागा नाही, कोण करणार त्याचं नाव नाही. गटाच्या वहीत मी अशी नोंद केली असती तर बायांनी ती माझ्याच डोक्यात घातली असती.

मी वॉर्ड तीनची ग्रामपंचायत सदस्य. जागा महिला राखीव होती म्हणून उभी राहिले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आमचं गाव धुळे जिल्ह्यात, पांझरा नदीच्या खोऱ्यात. पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही मनात आलं तर. गावविहीर नऊ परस खोल (परस म्हणजे पुरुषभर उंची, साधारण सहा फूट), आणि मे महिन्यात तिच्यात बादली टाकली की आवाज पाण्याचा कमी अन् तळाचा जास्त.

कंपनीला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवा होता, म्हणून विषय ग्रामसभेत आला. कोरमला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं लागतात, दोन्हींतला जो आकडा कमी असेल तो. तेवढी जमली नाहीत, सभा तहकूब. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना सांगते, तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे पुढच्या खेपेला वीस डोकी असली तरी ठराव पास, आणि तो तसाच होणार हे सरपंचांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मधल्या दिवसांत मी घरोघर फिरले. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती सह्यांपुरती व्हायची. त्या वेळी ती खरोखर झाली, शाळेच्या ओट्यावर, रात्री भांडी घासून झाल्यावर.

माझा मुलगा धुळ्याला डिप्लोमा करतो. त्याने केंद्रीय भूजल प्राधिकरणाची २०२० सालची नियमावली मोबाइलवर आणली. ती वाचायला आम्हाला दोन रविवार लागले. त्यातून कळलं ते असं. भूजल अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त उपसलं जातं, अशा यादीतल्या भागात बाटलीबंद पाण्याच्या नव्या कारखान्याला परवानगीच मिळत नाही, तो छोटा उद्योग असला तरी. (खानदेशात त्या यादीची धास्ती कुणाला विचारायची तर रावेर-यावलच्या केळीवाल्यांना.) आमचा भाग त्या यादीत नव्हता, म्हणून तर कंपनी आली. जिथे परवानगी मिळते तिथे बोअरवर छेडछाड करता येणार नाही असा डिजिटल मीटर लागतो, आणि बोअरपासून किमान ५० मीटरवर पातळी बघायला वेगळी निरीक्षण नळी. दिवसाला १० घनमीटरच्या आत उपसणाऱ्या लहान उद्योगांना मात्र ही परवानगी लागत नाही. तालुक्याच्या गावी गल्लोगल्ली जारवाले कसे उगवतात हे कोडं मला तेव्हा सुटलं.

गंमत अशी की साहेबांच्या पडद्यावर मीटर आणि नळी दोन्ही 'गावासाठी आम्ही काय करणार' या यादीत होते. आणि तोंडी कायम एकच शब्द, सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ म्हणतं की निव्वळ नफा पाच कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी, यांतलं एकही ओलांडलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर घालायचे. पण धंद्याचं नेहमीचं काम त्यात धरता येत नाही. मी सभेत उभी राहून डोक्यावरचा पदर सावरत एवढंच म्हटलं, "साहेब, मीटर हा उपकार नाही, ती तुमची अट आहे. ती बाजूला काढा, मग उरलं काय ते सांगा." पाय लटपटत होते. पण तेव्हापासून साहेब मला 'मॅडम' म्हणायला लागले, त्याआधी 'ताई' होते. हे बरं झालं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता 'दुप्पट मुरवू'चा हिशोब. हा भाग थोडा किचकट आहे, पण सगळी मेख त्यातच आहे. कंपनी रोज ४० घनमीटर उपसणार, म्हणजे ४० हजार लिटर. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२ हजार घनमीटर, इंजिनिअर लोकांच्या भाषेत १२ टीसीएम. दुप्पट म्हणजे २४. कंपनीने नाल्यावर दोन बंधारे दाखवले, प्रत्येकी ४ टीसीएमचे. दोन्हींचे मिळून ८, पावसाळ्यात तीनदा भरतील, आठ त्रिक चोवीस. हिशोब चोख.

आप्पांनी विचारलं, "अन् नाला एकदाच वाहिना तं?"

आमचा नाला कितीतरी साली एकदाच वाहतो. शिवाय साठलेलं सगळं मुरत नाही, काही उन्हानं उडून जातं. आणि मुरलेलं पाणी कंपनीच्या बोअरला लागून असलेल्या थरातच जाईल की कुठल्याकुठे निघून जाईल, हे खालचा खडक ठरवतो, पडद्यावरचा तक्ता नाही. शिरपूरला सुरेश खानापूरकरांनी २००४ पासून नाले रुंद-खोल करून जे काम उभं केलं त्याचं नाव कंपनीवाले सारखं घेत होते. पण खानापूरकर भूवैज्ञानिक होते. कुठला थर पाणी अडवतो आणि कुठला पिऊन टाकतो हे बघून त्यांनी जेसीबी लावले. नुसता जेसीबी लावणारे आपल्याकडे पुष्कळ झाले.

आप्पांचे वडील फडावर पाटकरी होते. पांझरेवरच्या फडांबद्दल बाहेर फार कुणाला माहिती नसते, म्हणून सांगते. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले तुकडे, ते फड. एका फडात एकच पीक. पाणी कुणाला, कधी, किती, हे पंच ठरवणार आणि पाटकरी पोचवणार. हे काही शतकं चाललं. पाणी कमी असलं की एखादा फड त्या साली कोरडा ठेवायचा. शेतकऱ्याची जमीन बहुधा एकाहून जास्त फडांत असायची, त्यामुळे तोटा एकट्याच्या अंगावर पडत नसे. महिला सभेत कुणीतरी विचारलं, दुष्काळ पडला तर कंपनी काय करणार? ओट्याखाली बसलेले आप्पा (त्यांना कुणी बोलावलं नव्हतं) म्हणाले, "तिना बी फड कोरडा ठेवाना."

रेघेची कल्पना तिथून निघाली. गावविहिरीच्या आतल्या बाजूला, काठापासून साडेसहा परसांवर ऑइलपेंटने तांबडी रेघ मारायची. पाणी त्या रेघेखाली गेलं की पाऊस पडेपर्यंत कंपनीने उपसा निम्म्यावर आणायचा. शाळेचा आरओ, एटीएम, झाडं यांच्या अटी पण ठरावात घातल्या, पण माझ्या लेखी खऱ्या अटी दोनच. एक ही रेघ, आणि दुसरी, मीटरचं रोजचं रीडिंग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर.

फळ्याला कंपनी लगेच तयार झाली. रेघेवर चार महिने गेले. आधी म्हणाले, परस हे माप कागदावर चालणार नाही. बरं, १२ मीटर करा. मग कंपनीच्या हमीपत्राचा मसुदा आला: 'पातळी १२ मीटरखाली गेल्यास कंपनी उपसा कमी करण्याचा विचार करेल.' मी म्हटलं, विचार तर आम्ही पण रोजच करतो. पुढचा मसुदा: 'उभयपक्षी चर्चेने योग्य तो निर्णय.' परत पाठवला. शेवटी 'निम्म्यावर आणेल' हे दोन शब्द आले, पण फुकट नाही. मारुती मंदिरापुढे सभामंडप बांधून देणार होते, तो यादीतून गेला. त्याबद्दल गावातली अर्धी तरुण मंडळी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. "रेघेपायी मंडप गेला" हे मी लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. साक्रीच्या वकिलांना हमीपत्र दाखवलं तर ते म्हणाले, कोर्टात किती टिकेल सांगता येत नाही, पण खाली सही असली की समोरचा फोन उचलतो.

बंधाऱ्यांची जागा हा वेगळाच तमाशा. कंपनीला दोन्ही बंधारे गेटजवळ हवे होते, डांबरी रस्त्याला लागून. तिथे नाल्याचा तळ म्हणजे काळा पाषाण. आम्ही पंचायत समितीमार्फत अर्ज करून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांना बोलावलं. त्या बाई दिवसभर नाल्यातून चालल्या, हातोडीने दगड ठोकत. म्हणाल्या, इथे पाणी दिसेल, मुरणार नाही. वर दीड किलोमीटरवर मुरूम आहे, तिथे बांधा. वर जायला रस्ता नाही, ठेकेदार कुरकुरला, शेवटी तडजोड होऊन एक वर बांधला, एक गेटजवळ.

पहिल्या पावसाळ्यात दोन्ही भरले. गेटजवळचा संक्रांतीपर्यंत काठोकाठ. त्यात बगळे, त्याच्याशेजारी कंपनीचा फलक, आणि फलकासमोर येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचे फोटो. वरचा दिवाळीलाच कोरडा. कंपनीचा तरुण इंजिनिअर बिचारा घाबरून गेला, बंधारा गळतोय म्हणाला, आणि तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरायचं अंदाजपत्रक घेऊन ग्रामपंचायतीत आला. मी त्याला चहा दिला आणि बंधाऱ्याखालच्या तीन विहिरींवर घेऊन गेले. तिन्हींचं पाणी मागच्या दिवाळीपेक्षा वर होतं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "हे रिपोर्टमध्ये कसं लिहू? कोरड्या बंधाऱ्याचा फोटो वर पाठवला तर मलाच विचारतील."

मागच्या दिवाळीचं पाणी किती होतं, हे आम्हाला ठाऊक होतं कारण मोजलं होतं. शेजारच्या गावात भूजल यंत्रणेची निरीक्षण विहीर आहे. तिचं पाणी वर्षातून चारदा मोजतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. आम्ही तेच महिने धरले. गटातल्या दोघी, एक टेप, टोकाला बांधलेला लोखंडी नट. नट पाण्याला टेकला की 'टप्प' होतं, टेपवर चिमटा लावायचा. सात विहिरी, एक सकाळ. विहिरीचे मालक आधी हसायचे, आता स्वतःच हाक मारतात, "ताई, आमनी इहीर राहीनी."

झाडांबद्दल थोडक्यात. पाचशे लावली, जूनमध्ये फोटो निघाले, पहिल्या उन्हाळ्याअखेर दीडशेही उरली नव्हती. उरली ती शाळेच्या कुंपणातली, पोरांनी पाणी घातलं म्हणून. कामं अकरा जणांना मिळाली, बहुतेक सगळी गाडीत खोकी चढवण्याची. एटीएम चालतं, मधूनमधून नाणं गिळतं. आरओतून बाहेर पडणारं खारं पाणी कुठे सोडायचं, यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. ते नाल्यात सोडतात, आम्ही फोटो काढतो.

दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला. मार्चमध्ये गावविहीर अकरा मीटरवर, आणि एप्रिल संपता संपता रेघ उघडी पडली. मी पत्र दिलं, पोच घेतली. इथले मॅनेजर म्हणाले, मान्य आहे, पण वरून मेल यायला हवा. मेल येईना. फळ्यावर रोज तोच आकडा, ४०, ३९, ४०. मग गटातल्या एका पोरीने त्याच फळ्यावर खडूने खाली लिहायला सुरुवात केली: 'रेघ उघडी, दिवस ४.' बस थांबते तिथेच फळा आहे, येणारा-जाणारा वाचायचा. दिवस ९. दिवस १२. मॅनेजर एकदा येऊन म्हणाले, मॅडम, तेवढं पुसायला सांगा. मी म्हटलं, आकडा बदलला की आपोआप पुसलं जाईल. सतराव्या दिवशी फळ्यावर २१ आला, दुसऱ्या दिवशी १९. आप्पा काठी टेकत फळ्यापर्यंत आले, आकडा बघितला, काहीच न बोलता परत गेले. विहीर त्यानंतर चढली नाही, पण पावसापर्यंत तळालाही गेली नाही. ते उपसा कमी झाल्यामुळे की वरच्या बंधाऱ्यामुळे, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

एक गोष्ट राहिली. उपसा निम्म्यावर आला तरी गाड्या तेवढ्याच भरून जात होत्या. जूनमध्ये गेटवर एका टँकरवाल्याला विचारलं, तेव्हा कळलं की उरलेलं पाणी नदीपलीकडच्या एका गावातून येतंय, एका शेतकऱ्याच्या बोअरवरून. तिथे ना मीटर, ना फळा. मी तेव्हा गप्प बसले, कारण आमची विहीर वाचली होती. त्या गावात माझ्या मामेबहिणीचं सासर आहे. तिच्या दिराचं लग्न आहे पुढच्या महिन्यात, आहेराच्या पिशवीत टेप आणि नट आत्ताच टाकून ठेवलाय.